गाईच्या ढेकरातला मिथेन: आधी गव्हाण सुधारा, मग पावडर आणा

रात्री जेवणं आटोपली की मी एकदा गोठ्यात चक्कर मारतो. दिवे मालवलेले असतात, बहुतेक गायी बसून रवंथ करत असतात. जवळ जाऊन उभं राहिलं की कळतं, मिनिटा-दीड मिनिटाला एखादी गाय मान जराशी पुढे करते, घशात हलका आवाज होतो आणि आंबूस, उबदार वास नाकाशी येतो. हा ढेकर. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि मिथेनही असतो. मिथेन शेणातून किंवा मागच्या बाजूने जातो असं बऱ्याच जणांना वाटतं. पोटात तयार होणारा बहुतेक मिथेन तोंडावाटेच बाहेर पडतो.

आपल्याकडची सरासरी दुभती गाय किंवा म्हैस दिवसाला साधारण २०० लिटर मिथेन सोडते. वजनात तो १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे वर्षाला ५० किलो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायवर्गाची जनावरं १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळपास ११ कोटी होत्या. यावरून व्याप्तीचा अंदाज येतो.

पण मी या विषयाकडे वळलो तो दुसऱ्या हिशोबामुळे. मिथेन जळतो, म्हणजेच त्यात ऊर्जा आहे, आणि ती ऊर्जा आपण टाकलेल्या वैरणीतूनच आलेली आहे. १४० ग्रॅम मिथेनमध्ये जवळपास अर्धा किलो मक्याच्या दाण्याएवढी ऊर्जा असते. दर गाईमागे रोज अर्धा किलो मका हवेत जातो, असं समजा. ही सगळी ऊर्जा वाचवून दुधात उतरवता येईल असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तिचा काही भाग मात्र नक्की वाचवता येतो, आणि तो कोणत्या क्रमाने वाचवायचा हेच या लेखात सांगतो. जगात या विषयावरचं बरंच काम मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या जनावरांवर झालं आहे. आपला गोठा दुधाचा आहे, म्हणून मी दुभत्या जनावरांबद्दल लिहितो.

कोठीपोटात नेमकं काय होतं

गाईच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून आम्लं तयार होतात आणि तीच गाईची खरी ऊर्जा. या कामात हायड्रोजन मोकळा होतो. तो साचून राहिला तर आंबवणंच थांबेल, म्हणून काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून त्याचा मिथेन बनवतात.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. कडबा, पेंढा असा तंतुमय चारा आंबला की अ‍ॅसेटिक आम्ल जास्त बनतं आणि हायड्रोजनही जास्त सुटतो. मक्यासारखा पिठूळ दाणा आंबला की प्रोपिओनिक आम्ल जास्त बनतं आणि ते बनताना हायड्रोजन वापरला जातो. म्हणून नुसत्या कोरड्या कडब्यावरच्या गाईत किलोमागे मिथेन जास्त आणि संतुलित आहारावरच्या गाईत कमी. मग सगळा कडबा काढून भरडाच घालावा का? अजिबात नाही. तसं केलं तर कोठीपोट आम्लधर्मी होतं, दुधाचं फॅट पडतं, खूर दुखतात आणि गाय बसते. वैरण हवीच, ती पचणारी हवी.

पहिली पायरी: आठ दिवस तराजू आणि वही

घरी मिथेन मोजायचं यंत्र नसतं आणि त्याची गरजही नाही. आपण मोजायचं ते दुधाच्या लिटरमागे पडणारं खाद्य. समजा एक गाय ९ किलो कोरडा चारा-खुराक (खुराक म्हणजे भरडा, पेंड, कोंडा) खाते आणि ६ लिटर दूध देते. किलोमागे २० ग्रॅम मिथेन धरला तर दिवसाला १८० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम. खुराक बसवून तीच गाय साडेनऊ किलो खाऊन ८ लिटरवर आली आणि पचन सुधारल्यामुळे किलोमागे मिथेन १९ ग्रॅमवर उतरला, तर लिटरमागे २२-२३ ग्रॅम होतो. दिवसाचा एकूण मिथेन जवळपास तेवढाच राहिला, पण प्रत्येक लिटरच्या वाट्याचा पाव हिस्सा गेला. हे समजण्यासाठीचं गणित आहे, तुमच्या गोठ्यातले आकडे वेगळे येतील.

वहीत प्रत्येक गाईसाठी एक पान ठेवा. हिरवी वैरण किती किलो, कोरडी किती, खुराक किती, गव्हाणीत उरलं किती, सकाळ-संध्याकाळचं दूध आणि फॅट. आठ दिवस खरोखर वजन करून लिहा. "पाटीभर" किंवा "दोन पेंढ्या" असं लिहू नका. आमच्याकडे पाटीभर हिरवं म्हणजे आठ किलो, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. तराजूवर ठेवलं तर पावसाळ्यात ते नऊ भरलं आणि उन्हाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात दूध का पडतं याचं उत्तर त्या पाटीतच होतं.

बरोबरीने दोन गोष्टी डोळ्यांनी पाहा. एक म्हणजे रवंथ. एका घासाला साधारण ५० ते ६० वेळा चावणं व्हायला हवं. चाळीसच्या खाली येत असेल तर लांब धाग्याचा चारा कमी पडतोय. दुसरं शेण. त्यात मक्याचे अख्खे दाणे किंवा कुट्टीचे लांब तुकडे दिसत असतील तर खाद्य न पचताच पुढे जातंय.

दुसरी पायरी: खुराक बसवणं

याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने देशभर संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. त्यात गावपातळीवरचा प्रशिक्षित माणूस गोठ्यात येऊन, घरात असलेल्या चाऱ्यावरच आहार बसवून द्यायचा. त्यातून दूध वाढलं, खर्च घटला आणि दुधाच्या लिटरमागे मिथेनही कमी झाला. बाहेरून कोणतीही खास पावडर न आणता.

४०० किलोची, १० लिटर दूध देणारी संकरित गाय धरू. तिला वजनाच्या तीन टक्के, म्हणजे १२ किलो शुष्क पदार्थ लागतो. शुष्क पदार्थ म्हणजे पाणी वजा जाऊन उरणारा चारा. हिरव्या मक्यात किंवा नेपियरमध्ये तो पाचवा हिस्सा असतो, कडब्यात दहातला नऊ हिस्से. मांडणी अशी बसते: मका किंवा संकरित नेपियर २० किलो, मेथीघास ५ किलो, कडब्याची कुट्टी ३ किलो आणि खुराक ५ किलो. खुराकाचा ढोबळ नियम असा, की शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो आणि त्यावर गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. भरपूर मेथीघास असेल तर त्यातून थोडा कमी करता येतो.

घरी खुराक बनवायचा असेल तर १०० किलोला मक्याचा भरडा ३५, पेंड ३० (सरकी, शेंगदाणा, सोया यातली दोन मिळून), गव्हाचा कोंडा आणि तूर-हरभऱ्याची चुनी मिळून ३२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक म्हणजे नुसती सरकी पेंड. तिच्यात प्रथिनं भरपूर असतात, पण ती वापरायला लागणारी ऊर्जा नसते. मग जास्तीचं प्रथिन लघवीवाटे जातं आणि गाय उलटायला, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागते. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नका. बुरशीचं विष दुधात उतरतं.

भाकड गायी आणि कालवडींना खुराक नसेल तरी रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. याचा मिथेनशी संबंध कसा? कालवड तिसऱ्या वर्षाऐवजी चौथ्या वर्षी व्याली तर एक वर्ष ती खाते, ढेकर देते आणि दूध शून्य. दोन वेतांमधलं अंतर १३ महिन्यांवरून १८ वर गेलं तरी तेच. वेळेवर माजावर येणारी गाय ही कुठल्याही पुरवणीइतकीच कामाची आहे.

बदल एका दिवसात करू नका. कोठीपोटातल्या जीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला दहा ते पंधरा दिवस लागतात.

तिसरी पायरी: कडब्याला युरियाची प्रक्रिया

ज्याच्याकडे पाणी बारमाही आहे त्याने ही पायरी वगळली तरी चालेल. संगमनेर, पारनेर, माण, आटपाडी, आष्टी अशा भागांत मात्र उन्हाळ्यात कडबा, गव्हाचं काड आणि वाळलेलं गवत एवढंच हाती असतं. अशा चाऱ्यात प्रथिनं तीन-चार टक्केच आणि धागा चिवट, त्यामुळे तो कोठीपोटात दिवसेंदिवस पडून राहतो आणि मिथेन बनवत राहतो.

कृती सोपी आहे, पण मापं चुकवायची नाहीत. १०० किलो कोरडी कुट्टी, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्या, तळाशी एकही खडा राहू देऊ नका. सिमेंटच्या कोब्यावर किंवा जाड प्लास्टिकवर कुट्टीचा वीतभर थर पसरा, झारीने द्रावण सारखं शिंपडा, पायाने तुडवून दाबा. त्यावर दुसरा थर, पुन्हा द्रावण, पुन्हा तुडवणं. हवा जितकी निघेल तितकं चांगलं. शेवटी ताडपत्रीने हवाबंद झाका आणि कडांवर माती टाका. २१ दिवस उघडायचं नाही.

आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा बाविसाव्या दिवशी आईने ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि डोळे मिटून मागे सरली. अमोनियाचा उग्र झोत. आतला कडबा पांढुरका जाऊन तपकिरी-पिवळा झाला होता, हाताला मऊ लागत होता, मूठ दाबली तर ओल जाणवत होती. हीच खूण. बुरशीचा पांढरा-काळा थर दिसला तर तेवढा भाग उकिरड्यावर टाका. लागेल तेवढाच चारा काढून तास-दोन तास हवेवर पसरा, वास उडू द्या आणि मगच गव्हाणीत टाका. पहिले दोन-तीन दिवस एक किलो नेहमीच्या चाऱ्यात मिसळून द्या, मग आठवडाभरात वाढवा. आमच्या तांबड्या गाईने दोन दिवस तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी वर थोडं गुळाचं पाणी शिंपडलं आणि ती खाऊ लागली.

या प्रक्रियेने प्रथिनाचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं आणि धागा सैल पडून पचन वाढतं. गाय जास्त खाते, म्हणून दिवसाचा एकूण मिथेन थोडा वाढूही शकतो. घट दिसते ती लिटरमागे.

सावधगिरी: सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा द्यायचा नाही. युरियाचं द्रावण उघड्या बादलीत गोठ्याजवळ ठेवू नका, जनावर पाणी समजून पितं आणि अर्ध्या तासात थरथर, तोंडाला फेस, पोटफुगी सुरू होते. असं झालं तर वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवा. युरिया घातलेली चाटण वीट वापरत असाल तर पोटभर वैरण झाल्यावरच पुढे ठेवा, उपाशी जनावरापुढे कधीच नाही.

चौथी पायरी: हिरवी वैरण वेळेवर कापणं

यात पैसा लागत नाही, फक्त दिवस मोजावे लागतात. फुले जयवंत, यशवंत किंवा बीएनएच-१० असं कोणतंही संकरित नेपियर ४५ ते ५५ दिवसांत कापा. सत्तरीला गेलं की उंची दिसते, पण तो सगळा बांबू असतो. मेथीघास फुलं नुकती दिसू लागताच कापा. ज्वारी मात्र कोवळी देऊ नका, तिच्यातल्या विषाने जनावर दगावतं. ती पोटरी ओलांडून फुलोऱ्यात येऊ द्या. मुरघास करायचा तर मक्याचा दाणा चिकातून पिठाळ होत असताना कापा.

गळीत हंगामात उसाची वाढी (शेंडे) फुकट मिळतात म्हणून दोन-तीन महिने गायी त्यावरच असतात. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढी निम्म्याच्या आत ठेवा, बरोबर कडधान्य वर्गातला चारा आणि खनिज मिश्रण द्या.

पाचवी पायरी: तेल आणि सरकी, बेताने

इथून खऱ्या अर्थाने पुरवण्या सुरू होतात. तेलामुळे मिथेन बनवणारे जीव कमी होतात आणि तेल स्वतः कोठीपोटात आंबत नाही. आहारात एक टक्का तेल वाढवलं तर मिथेन साधारण तीन ते पाच टक्क्यांनी घटतो. मर्यादा मात्र कडक आहे. एकूण शुष्क पदार्थाच्या सहा टक्क्यांवर स्निग्धांश जाता कामा नये. १२ किलो खाणाऱ्या गाईला ही मर्यादा ७२० ग्रॅम होते आणि त्यातला निम्मा-अर्धा चाऱ्यात आणि पेंडीत आधीच असतो. म्हणून वरून २००-२५० ग्रॅमच. एक किलो अख्खी सरकी भिजवून दिली तर जवळपास एवढं तेल पोटात जातं आणि ते हळूहळू सुटतं. ओतीव तेलापेक्षा मला हे बरं वाटतं. मी एकदा घाईने एका गाईला दोन दिवस अर्धा-अर्धा लिटर तेल पाजलं. तिसऱ्या दिवशी शेण पातळ झालं, तिने कडब्याला तोंड लावलं नाही आणि फॅट अर्ध्या पॉइंटने उतरलं. वासरांना सरकी देऊ नका.

दुकानात मिळणाऱ्या बायपास फॅटबद्दल नेहमी विचारलं जातं. व्यालेल्या गाईला ऊर्जा द्यायला ते चांगलं आहे. पण ते कोठीपोटात विरघळू नये म्हणूनच बनवलेलं असतं, त्यामुळे मिथेनवर त्याचा थेट परिणाम होत नाही.

सहावी पायरी: टॅनिन आणि हरित धारा

बाभळीच्या शेंगा, चिंचोक्याची टरफलं, सुबाभूळ यांत टॅनिन असतं. जिभेला तुरट लागतं ते हेच. बेताच्या प्रमाणात ते मिथेन बनवणाऱ्या जीवांना आणि त्यांना हायड्रोजन पुरवणाऱ्या जीवांना आवर घालतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने याच गुणावर देशात मुबलक मिळणाऱ्या टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' ही पुरवणी तयार केली. २०२१ मध्ये तिची माहिती समोर आली. मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो, खर्च तेव्हा किलोमागे सहा रुपयांच्या आसपास, आणि कोठीपोट पूर्ण काम करू लागलेल्या, तीन महिन्यांवरच्या जनावरांनाच द्यायची, असं संस्थेचं सांगणं आहे. आपल्या चाऱ्यावर, आपल्या जनावरांसाठी झालेलं हे काम आहे, म्हणून मला त्याचं मोल मोठं वाटतं. ती घेताना पाकिटावर उत्पादकाचं नाव, घटक, मात्रा आणि तारीख पाहा. एका दुकानदाराने मला "मिथेन बंद" म्हणून बिनलेबलची पिशवी दाखवली होती. मी ती परत ठेवली, तुम्हीही ठेवा.

घरच्या घरी करायचं तर वाळलेल्या बाभळीच्या शेंगा भरडून दिवसाला अर्धा किलोपर्यंत खुराकात मिसळा, सुरुवात शंभर ग्रॅमपासून. टॅनिन जास्त झालं तर ते प्रथिनं बांधून ठेवतं, गाय कमी खाते, शेण घट्ट होतं. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशावर नेऊ नका, त्यातल्या मायमोसिन या विषारी घटकाने केस गळतात आणि गाभण जनावराला त्रास होतो.

सातवी पायरी, जी आपल्यासाठी अजून लांब आहे

परदेशात दोन पुरवण्यांची नावं गाजतात. पहिलं थ्री-एनओपी हे रसायन, बाजारातलं नाव बोव्हेर. मिथेन बनण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यातलं विकर ते रोखतं. दुभत्या गाईला रोज पाव चमचा पुरतो आणि घट ३० टक्क्यांच्या आसपास येते. ब्राझील-चिलीत २०२१ मध्ये, युरोपीय संघात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये त्याला वाट मोकळी झाली. अडचण अशी, की त्याचा असर काही तासच टिकतो. सगळं खाद्य एकत्र मिसळून गाय दिवसभर तेच खाते अशा गोठ्यात ते नीट चालतं. आपल्यासारखं दोन वेळा आंबोण आणि मध्ये चराई असेल तर फायदा बराच कमी होतो.

दुसरं अ‍ॅस्परॅगॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मांसासाठीच्या २१ गोऱ्ह्यांना १४७ दिवस ते दिलं आणि दाणा जास्त असलेल्या आहारात घट ८० टक्क्यांवर गेली. पुढे मोकळ्या कुरणात चरणाऱ्या जनावरांना गोळ्यांतून दिलं तेव्हा ती ३८ टक्क्यांच्या आसपास आली. हा फरक आपल्यासाठी बोलका आहे. या शेवाळातला ब्रोमोफॉर्म हा काम करणारा घटक आहे आणि तोच काळजीचाही. कोकणातल्या कोणी किनाऱ्यावरचं शेवाळ गोळा करून गाईला घालू नये. प्रत्येक शेवाळात हा घटक नसतो, मीठ आणि आयोडीन मात्र भरपूर असतं.

नायट्रेटच्या पुरवण्यांचं नावही कानावर येईल. मात्रा थोडी चुकली तरी रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं. पशुपोषण तज्ज्ञ समोर उभा असल्याशिवाय तिकडे वळू नका.

वही कशी वाचायची

एका वेळी एकच बदल करा आणि तीन आठवडे त्यावर थांबा. शक्य असेल तर एकाच सुमारास व्यालेल्या दोन गायी निवडा, एकीला बदल आणि दुसरी जुन्याच आहारावर. वेत पुढे सरकेल तसं दूध आपोआप उतरतं, तो उतार पुरवणीच्या माथी मारू नका. लिटरमागे शुष्क पदार्थ कमी लागायला लागला, फॅट टिकलं, रवंथ पन्नासच्या वर राहिली, तर तुमच्या गोठ्यातला लिटरमागचा मिथेन खाली येतोय असं खात्रीने समजा. फॅट आणि रवंथ दोन्ही एकदम घसरले तर त्याच दिवशी जुन्या आहारावर या.

सुरुवात करायला उत्तम वेळ म्हणजे रब्बी ज्वारीची काढणी. कडबा घरात येण्याआधी ताडपत्री, झारी आणि तराजू आणून ठेवा. पहिला ढीग शंभर किलोचाच लावा, आणि झाकल्याची तारीख खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहा.